नावाखालची ओळ

ऑल्डर फेरी, कॅलिफोर्निया
१२ जून १९९५

प्रिय लव्होनिया,

तुझं पत्र मिळालं. सुरुवातीला ‘प्रिय’ नाही आणि शेवटी ‘तुझी’ नाही, म्हणजे बातमी क्लीव्हलँडपर्यंत पोचली. होय, खरं आहे. ‘एक नियम’ या संस्थेत मी फेब्रुवारीपासून जाते. मला कोणी भूल घातलेली नाही आणि म्हातारपणी माझ्या डोक्यावर परिणामही झालेला नाही. सहासष्टाव्या वर्षी मला दोन आकडी गुणाकार तोंडी येतात. तुला ते विसाव्या वर्षीही येत नव्हते.

संस्था काय म्हणते ते आधी वाच, मग शिव्या दे. शहराने नोकरी देताना, ठेका देताना, शाळेत मूल घेताना माणसाचा वर्ण विचारू नये, नोंदवू नये, मोजू नये. एवढंच. हा प्रस्ताव नोव्हेंबरच्या मतदानाला यावा म्हणून वाणसामानाच्या दुकानांबाहेर टेबलं मांडून आम्ही सह्या गोळा केल्या. पुरेशा मिळाल्या. मतपत्रिकेवर प्रस्तावाला ‘आर’ हे अक्षर मिळालं आहे.

मी का गेले ते तुला माहीत आहे, तरी विसरल्याचं सोंग करतेस. १९५१ साली मी चार शाळांना अर्ज पाठवले. अर्जासोबत फोटो मागायचे. चारही शाळांनी जागा भरल्याचं कळवलं, आणि त्यांतल्या एकीची जाहिरात पुढच्याच आठवड्यात पुन्हा छापून आली. मग या गावाने परीक्षा घेतली. उत्तरपत्रिकेवर नाव नाही, फोटो नाही, नुसता क्रमांक. मी पहिली आले. पाकीट उघडल्यावर त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले असतील, पण तोवर निकाल लागला होता. त्या क्रमांकाच्या जोरावर मी अडतीस वर्षं गणित शिकवलं. त्यासाठी मी कोणाचं देणं लागत नाही.

आणि संस्थेत गेल्या चार महिन्यांत माझ्या रंगाचा उल्लेख एकानेही केलेला नाही. तिथे खिडकीत लोणच्याची एक मोठी रिकामी बरणी ठेवली आहे. जो कोणी दुसऱ्याचा वर्ण बोलून दाखवेल त्याने तिच्यात डॉलर टाकायचा. ही कल्पना आमच्या अध्यक्षांची, डॉ. हॅल्व्होर्सन यांची. ते निवृत्त दंतवैद्य आहेत. परवा ते म्हणाले, “जेवण त्या चिनी खानावळीतून मागवू,” आणि स्वतःच उठून डॉलर टाकून आले. तू हसशील. हस.

इथे निवडणुकीआधी घरोघरी एक पुस्तिका येते. प्रत्येक प्रस्तावाच्या बाजूने एक निवेदन, विरोधात एक, आणि प्रत्येकाखाली पाच जणांच्या सह्या. आमचं निवेदन मी लिहावं असं ठरलं आहे. तीनशेच शब्द. संस्थेचं माहितीपत्रक सोबत पाठवते. फोटोत पुढच्या रांगेत मधोमध मी आहे. मी बुटकी, म्हणून तिथे उभं केलं.

तुझी (मी लिहिते, तू नाही लिहिलंस तरी),
अर्नेटा


क्लीव्हलँड, ओहायो
२४ जून १९९५

प्रिय नेटा,

घे, ‘प्रिय’ लिहिलं.

तू बुटकी? बाई, तुझ्या लग्नाच्या फोटोत तुला खुर्चीत बसवावं लागलं होतं, नाहीतर नवरा असून वॉल्टर तुझ्या मुलासारखा दिसला असता. माहितीपत्रकात तुझ्या मागे जो कोणी उभा आहे त्याची नुसती टोपी दिसते. ते डॉक्टर हॅल्व्होर्सन असतील तर त्यांना सांग, तुमच्या अध्यक्षांना अर्नेटा ब्रॉडनॅक्सच्या डाव्या खांद्यामागे लपवून तुम्ही छापलंय.

चार पानांच्या त्या कागदात तुझे तीन फोटो. सह्यांच्या टेबलाशी तू, व्यासपीठावर तू, मुखपृष्ठावर तू. तुमच्याकडे वर्ण मोजत नाहीत ना? मग मी विचारते, तू मोज: त्या संस्थेत आपल्यातली माणसं किती?

तुझा क्रमांक मला पाठ आहे, दर नाताळला ऐकलाय. माझंही ऐक. मी टपाल खात्यात पर्यवेक्षक झाले ते वरून हुकूम आला म्हणून, की मोजा, तुमच्याकडे काळे किती आणि कोणत्या पायरीवर आहेत ते लिहून पाठवा. मोजल्यावर त्यांना लाज वाटली. मोजल्याशिवाय ती कधीच वाटली नसती. तुझी संस्था म्हणते मोजू नका. ज्याच्या घरात ताट भरलेलं आहे त्याला ताटं मोजायचा कंटाळा येतोच.

नाकाने कांदे सोलणारी माणसं मी खूप पाहिली, नेटा. पण त्यासाठी बरणी ठेवणारी पहिल्यांदाच ऐकली.

तुझी,
लव्होनिया


ऑल्डर फेरी
९ जुलै १९९५

प्रिय लव्होनिया,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: एक. मी.

त्यावरून तू काय काढशील ते मला दिसतंय. पण एखादं विधान खरं की खोटं हे ते म्हणणारी माणसं किती आणि कोणत्या रंगाची आहेत त्यावरून ठरत असेल, तर मी मुलांना अडतीस वर्षं चुकीचं शिकवलं. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज कोणाला विचारून होत नाही.

निवेदन लिहून झालं. त्यातली काही वाक्यं तुला पाठवते, कारण तू दगड मारशील तर निदान बघून मार. “१९५१ साली मी फोटो पाठवले आणि मला नकार आला. नंतर मी नुसता क्रमांक पाठवला आणि मला काम मिळालं. ज्या रकान्याने मला बाहेर ठेवलं, त्याच रकान्याने मला आत घ्यावं अशी माझी इच्छा नाही. रकानाच जावा.” एकूण दोनशे अठ्ठ्याण्णव शब्द झाले. डॉ. हॅल्व्होर्सननी वाचलं आणि चष्मा पुसला. दंतवैद्य सहसा दुसऱ्याला रडवतात, स्वतः रडत नाहीत.

सॅक्रॅमेंटोहून प्रचाराचा एक पगारी जाणकार आला आहे, क्रेग डनलीव्ही नावाचा. वय तिशीचं. पहिल्याच दिवशी मला “अर्नेटा” म्हणाला. मी म्हटलं, “मिसेस ब्रॉडनॅक्स.” तो म्हणाला, “आम्ही इथे सगळे पहिल्याच नावाने बोलतो.” मी म्हटलं, “डॉक्टरांना तुम्ही आत्ताच डॉक्टर म्हणालात.” तेव्हापासून तो मला कोणत्याच नावाने हाक मारत नाही, नुसता खोकतो.

निवेदन त्याला आवडलं. फक्त त्यात “तुम्ही स्वतः जास्त यायला हव्यात,” म्हणाला. मी म्हटलं, जेवढी आहे तेवढी पुरे.

बाकी एक. रेव्हरंड पर्डींनी मला चर्चच्या मागच्या खोलीत बोलावलं आणि “सिस्टर ब्रॉडनॅक्स, उन्हाळाभर विश्रांती घ्या,” म्हणाले. म्हणजे रविवारी चर्चमध्ये मी मुलांना गणित शिकवते तो वर्ग दुसऱ्या बाईकडे दिला. विश्रांतीची गरज कोणाला आहे ते मी त्यांना विचारलं नाही. त्यांचं प्रवचन तू ऐकलेलं आहेस.

तुझी,
अर्नेटा


क्लीव्हलँड
२० जुलै १९९५

प्रिय नेटा,

वर्ग काढून घेतला हे तू ‘बाकी एक’ म्हणून पत्राच्या शेवटी टाकतेस. वॉल्टर गेल्यापासून त्या मुलांशिवाय तुझ्याकडे दुसरं काय आहे? मला शिकवू नकोस. आपण दोघी बहिणी एका पलंगावर झोपून वाढलो, तू गप्प कधी बसतेस ते मला तुझ्यापेक्षा चांगलं कळतं.

पर्डी मूर्ख आहेत, पण लोकांना काय दिसतं तेही बघ. रुळांच्या उत्तरेकडच्या ज्या गोऱ्या लोकांनी तीस वर्षं तुला कॉफीला बोलावलं नाही, त्यांच्या टेबलामागे तू उभी राहतेस.

निवेदनाबद्दल आत्ता काही लिहीत नाही. तू त्यात मला ओढू पाहतेस. मला त्या कागदाशी काही देणंघेणं नाही.

डनलीव्हीपासून जप. जो माणूस तुझ्या वाक्यांऐवजी तू हवीस म्हणतो, त्याला तुझी वाक्यं नको आहेत.

तुझी,
लव्होनिया


ऑल्डर फेरी
१३ ऑगस्ट १९९५

प्रिय लव्होनिया,

तुझं म्हणणं खरं ठरलं. हे वाक्य मी एकदाच लिहिते. कापून भिंतीवर लाव.

शुक्रवारी पाच वाजेपर्यंत निवेदन नगर-कचेरीत द्यायचं होतं. गुरुवारी बैठक होती. तुला मागे सांगितलं ते सह्यांचं: पुस्तिकेत प्रत्येक सहीखाली एक ओळ असते, ही व्यक्ती कोण ते सांगणारी. मतदार निवेदन वाचत नाहीत, त्या ओळी वाचतात. हे मला डनलीव्हीने शिकवलं, आणि त्या माणसाने सांगितलेली ही एकच खरी गोष्ट.

त्याने कागद फिरवला. हॅल्व्होर्सन: दंतवैद्य. मिसेस लुंड: रोपवाटिकेच्या मालक. ओ’मेअरा: अग्निशमन दलातले निवृत्त कॅप्टन. बेट्स: बदामाचे बागायतदार. आणि माझ्या नावाखाली: “गुलामाची पणती.”

मी म्हटलं, “ही चूक झाली आहे. इथे ‘गणिताच्या शिक्षिका, निवृत्त’ हवं.”

डनलीव्ही म्हणाला, “त्यात वजन नाही.”

“अडतीस वर्षांचं आहे.”

“म्हणजे, आपल्याला समतोल साधायचाय. चित्र पूर्ण व्हायला हवं.”

“कसलं चित्र?”

मिसेस लुंड म्हणाल्या, “एक वेगळा सूर, मिसेस ब्रॉडनॅक्स.” ओ’मेअरा म्हणाला, “रुळांपलीकडचा आवाज.” मी म्हटलं, “रुळांपलीकडे माझ्या शेजारी मिस्टर कोवाल्स्की राहतात. आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे, रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू येतो. त्यांची सही घेऊ?” कोवाल्स्की गोरे आहेत हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. सगळे बरणीकडे बघत होते, लव्होनिया. पाच शहाणी माणसं एक शब्द तोंडात धरून बसली होती आणि तो थुंकायची कोणाची हिंमत नव्हती. हॅल्व्होर्सन टेबलावरच्या पेन्सिली लांबीप्रमाणे लावत होते.

मी म्हटलं, “चौघांच्या नावाखाली त्यांचा धंदा आहे. माझ्या नावाखाली माझा पणजोबा. का? साध्या भाषेत सांगा.”

तेव्हा डनलीव्ही उठला. खिशातून पाचाची नोट काढली, खिडकीपाशी गेला, बरणीत टाकली, आणि वळून म्हणाला, “कारण तुम्ही काळ्या आहात. तुम्ही नसाल तर हा चार गोऱ्या लोकांचा कागद आहे आणि आपण हरतो. आता ठीक?”

मला राग आला नाही. त्या खोलीत खरं बोलणारा तो पहिला. पण नोट टाकून! आधी दंड भरला, मग गुन्हा केला, आणि वर उरलेल्या चार डॉलरांत आणखी चार वेळा बोलायची सोय करून ठेवली.

हॅल्व्होर्सनना मी विचारलं, “डॉक्टर, शहराने नोकरी देताना असं केलं तर आपण काय म्हणतो?” ते म्हणाले, “मिसेस ब्रॉडनॅक्स, हे फक्त निवडणुकीपुरतं.” मी म्हटलं, “वर्ण मोजा म्हणणारी दुसरी बाजूही हेच म्हणते. सध्यापुरतं. तीस वर्षं झाली.”

मी सही केली नाही. निघताना डनलीव्ही म्हणाला, मजकूर संस्थेचा आहे, तो वापरणार. मी म्हटलं, वापरा. वाक्यं खरी आहेत, ती माझ्याबरोबर बाहेर पडली म्हणून खोटी होत नाहीत.

माझी हॅट तिथेच राहिली. आणायला जाणार नाही.

तुझी,
अर्नेटा


क्लीव्हलँड
२२ ऑगस्ट १९९५

माझी लाडकी नेटा,

लावलं. कापून, स्वयंपाकघरात, फ्रिजवर.

पाचाची नोट वाचून मी इतकी हसले की खालच्या मजल्यावरची बाई वर बघायला आली. तिलाही वाचून दाखवलं. आता अख्ख्या इमारतीत तू प्रसिद्ध आहेस.

आता माझं ऐक. नुसतं बाहेर पडून उपयोग नाही. तुझ्या गावात प्रस्तावाच्या विरोधात जी समिती आहे, तिचा नंबर मी मिळवला आणि फोन केला. मिसेस ॲशवर्थ नावाची बाई होती, फार गोड बोलली. तू आतून सगळं पाहून बाहेर आलीस म्हणताच तिला रडूच फुटायचं बाकी होतं. ती तुला भेटायला येईल. निवेदनाची मुदत गेली असली तरी समोरच्यांच्या निवेदनाला उत्तर म्हणून एक छोटा मजकूर अजून देता येतो म्हणे, आणि त्यावर तुझी सही हवी आहे. दे. पर्डी वर्ग परत देतील, उत्तरेकडच्यांची जिरेल, आणि सगळे म्हणतील ब्रॉडनॅक्सबाई घरी आली.

इथेही आमची समिती आहेच, शहराच्या ठेक्यांत आपला वाटा कमी होऊ नये म्हणून. पुढच्या महिन्यात वार्ताहरांना बोलावणार आहोत. सगळे आपलेच दिसतात म्हणून एक गोरा गवंडी शोधतोय. दोन मिळाले होते, पण एक फार म्हातारा आणि दुसरा फोटोत रागीट दिसतो. ते वेगळं आहे, तू लगेच लिहू नकोस.

तुझी,
लव्होनिया


ऑल्डर फेरी
२ ऑक्टोबर १९९५

लव्होनिया,

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू मेल्यावरही माफ केलं नसतंस.

तुझी मिसेस ॲशवर्थ आली. टोपलीभर मफिन घेऊन, जणू मी आजारातून उठले होते. दारातच मला मिठी मारली. ‘अर्नेटा’ म्हणाली, त्यांच्याकडेही पहिल्याच नावाची पद्धत दिसते. म्हणाली, “तुम्हाला किती वेदना झाल्या असतील, मी कल्पना करू शकते.” मी विचारलं, “निवेदन वाचलंत?” म्हणाली, “वाचायची गरजच नाही, तुम्हाला कसं वाटत असेल ते मला कळतं.” मग पर्समधून मजकूर काढला. तयार होता. खाली माझं नाव आणि नावाखाली ओळ: “‘एक नियम’ने फसवलेल्या कृष्णवर्णीय शिक्षिका.”

मी म्हटलं, “मला कोणी फसवलेलं नाही. आणि प्रस्ताव मला अजून पटतो.”

बाईचा चेहरा बघायला हवा होतास. मफिन परत न्यावेत की नाही असा विचार तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होता. शेवटी म्हणाली, “पण मग तुम्ही आहात तरी कोणाच्या?”

एकाला मी फोटोत पुढे हवी होते, दुसरीला मी रडताना हवी होते. आणि हिला माझा पत्ता दिला कोणी, तर माझ्याबरोबर एका पलंगावर झोपून वाढलेल्या बाईने. तुझा गोरा गवंडी मिळाला का? त्याच्या नावाखाली काय छापणार? ‘गवंडी’ पुरेल की त्याचाही पणजोबा काढावा लागेल?

पुस्तिका शनिवारी घरी आली. माझी वाक्यं आहेत तशीच छापली आहेत. “१९५१ साली मी फोटो पाठवले” तेवढं बदलून “आमच्यापैकी एकाने फोटो पाठवले” केलं आहे. माझ्या जागी सही रॉस्को टीग यांची. टीगना तू ओळखतेस, वॉल्टरच्या दफनाच्या दिवशी ज्यांनी चर्चला सतरंजी दिली आणि पाठोपाठ आपल्या सतरंज्यांच्या दुकानाची जाहिरातही वाटली. त्यांच्या नावाखाली लिहिलंय: “कृष्णवर्णीय व्यापारी संघाचे माजी अध्यक्ष.” असा संघ होता. त्यांनी काढला, तेच अध्यक्ष, आणि दुसरा सभासद मिळेना म्हणून बंद केला. माणूस वाईट नाही, आपलं नाव छापून आलं की त्याला आवडतं. दुकानात पुस्तिका उघडी ठेवून बसले आहेत.

रेव्हरंड पर्डी काल घरी आले. सव्वीस तारखेला, गुरुवारी, चर्चच्या तळघरातल्या सभागृहात प्रस्तावावर सभा आहे. म्हणाले, “सिस्टर ब्रॉडनॅक्स, तुम्ही संस्था सोडलीत हे सगळ्यांना कळलंय. त्या दिवशी फक्त या, बसा, काही बोलू नका. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून वर्ग तुमचा.”

मी म्हटलं, विचार करून सांगते. मी असं कधी म्हणत नाही, तुला माहीत आहे. ती अकरा मुलं मला हवी आहेत, लव्होनिया. त्यांतल्या धाकटीला अजून वजाबाकीत हातचा घेता येत नाही, आणि आता जी बाई शिकवते तिलाही येत नाही.

अर्नेटा


क्लीव्हलँड
११ ऑक्टोबर १९९५

नेटा,

तुझं पत्र वाचलं. फोन करायला नको होता. एवढ्यावर भागव.

गवंडी मिळाला. त्याच्या नावाखाली ‘तीन पिढ्यांचा आयरिश गवंडी’ घालायचं ठरलं होतं. मी बैठकीत म्हटलं, नुसतं ‘गवंडी’ घाला. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांच्या चहात साबण टाकला. शेवटी आयरिश राहिलाच.

सव्वीस तारखेबद्दल सांगते. बस, आणि गप्प बस. आयुष्यात एकदा. तुझं मत तू पडद्याआड देणारच आहेस, कोणाला कळत नाही. मुलं परत मिळतील. टीग तुझी वाक्यं वाचतील, वाचू दे. खरं बोलायला तूच लागतेस असं थोडंच आहे?

तू फोन उचलत नाहीस. माझ्यावर रागावून उचलत नसशील तर ठीक. पण तळघरात उभी राहून भाषण करायचा बेत असेल म्हणून उचलत नसशील तर ऐक: ते तुला सोडणार नाहीत, आणि मी दोन हजार मैलांवर आहे.

तुझी,
लव्होनिया


ऑल्डर फेरी
२९ ऑक्टोबर १९९५

प्रिय लव्होनिया,

गुरुवारी मी गप्प बसायचं ठरवूनच गेले होते. हे तुला खरं वाटणार नाही, म्हणून आधी लिहिते. मागच्या रांगेत बसले. मिस्टर कोवाल्स्की शेजारी बसले आणि लगेच झोपले. सभागृह भरलं होतं. समोर टेबलाशी एका बाजूला मिसेस ॲशवर्थ आणि दोघं, दुसऱ्या बाजूला हॅल्व्होर्सन आणि टीग. डनलीव्ही नव्हता. त्याला ऑरेगनमधलं पुढचं काम मिळालं आहे. तिथे तो रस्त्यांवरच्या कराच्या विरोधात आहे, किंवा बाजूने.

टीग उभे राहिले आणि निवेदन वाचायला लागले. नवा सूट होता. वाचताना श्वास चुकीच्या जागी घेत होते, पण मी सहन केलं. मग ते त्या वाक्याशी आले: “ज्या रकान्याने मला बाहेर ठेवलं, त्याच रकान्याने मला आत घ्यावं अशी माझी इच्छा नाही.” हे ‘मला’ बदलायचं डनलीव्ही विसरला होता.

पहिल्या रांगेतून डेलोरिस ग्रँबलिंग उठली. आपल्या चर्चचं स्वयंपाकघर सांभाळते ती. म्हणाली, “रॉस्को, एक विचारू? तुला कोणत्या रकान्याने बाहेर ठेवलं?”

टीग म्हणाले, “आपल्या सगळ्यांनाच, सिस्टर.”

“सगळ्यांचं राहू दे. इथे ‘मला’ लिहिलंय. तू कधी नोकरीचा अर्ज केलास? दुकान तर तुला बापाने दिलं.”

लोक हसले. टीग म्हणाले, “म्हणजे ते... भावार्थाने आहे.”

“कसल्या भावार्थाने?”

टीगनी हॅल्व्होर्सनकडे पाहिलं. हॅल्व्होर्सननी पाण्याच्या पेल्यात पाहिलं. कोणीतरी ओरडलं, “सतरंजीखाली काय लपवलंय, रॉस्को?” आणि पुन्हा हशा. त्यांना टीगवर हसायचं होतं, पण हसत होते माझ्या वाक्यावर. ते वाक्य मी तीन आठवडे घासलेलं आहे, लव्होनिया. फाटक्या गोणीसारखं ते त्या माणसाच्या हातात लोंबत होतं.

मी उठले.

मी म्हटलं, “डेलोरिस, तो रकाना मला लागू होता. मिस्टर टीगना त्रास देऊ नका. ही वाक्यं माझी आहेत.” आणि मग जे बोलायचं ते बोलले. चार शाळा, चार फोटो, क्रमांक. म्हटलं, ज्या हत्याराने मला मारलं ते दुसऱ्याच्या हातात दिल्याने चांगलं होत नाही. ‘एक नियम’ ही संस्था स्वतःचाच नियम पाळू शकली नाही, म्हणून मी सही केली नाही. पण नियम बरोबर आहे. सात नोव्हेंबरला मी ‘हो’ म्हणून मत देणार आहे, आणि ते आज उभ्याने सांगते, पडद्याआड नाही.

खाली बसेपर्यंत हॅल्व्होर्सन टाळ्या वाजवायला लागले होते. त्यांना मी म्हटलं, “डॉक्टर, तुम्ही थांबा.” ते थांबले.

मग प्रश्न आले. डेलोरिस म्हणाली, “तुला त्यांनी वापरलं ना?” मी म्हटलं, “हो. आणि मिसेस ॲशवर्थही मफिन घेऊन त्याचसाठी आल्या होत्या.” एकाने विचारलं, पैसे मिळाले का. एकाने विचारलं, वॉल्टर असता तर त्याला काय वाटलं असतं. एक कॉलेजात शिकणारी मुलगी उठली आणि माझ्यासाठी प्रार्थना करते म्हणाली, आणि ते तिने चांगल्या मनाने म्हटलं नव्हतं. मिसेस ॲशवर्थ म्हणाल्या की माझा आवाज ऐकणं फार महत्त्वाचं आहे, आणि घड्याळ पाहिलं.

बाहेर पडताना हॅल्व्होर्सन पायऱ्यांवर गाठून म्हणाले, “मिसेस ब्रॉडनॅक्स, तुम्ही आज जे केलंत! वर्तमानपत्राचा माणूस आलाय, आपण दोघं एका फोटोत...” मी त्यांना म्हटलं, तुमच्या पेन्सिली अजून नीट लागलेल्या नाहीत, घरी जा.

आज रविवार. वर्ग दुसऱ्याच बाईंकडे आहे आणि राहील. रेव्हरंड पर्डींनी माझ्याकडे न बघता हात मिळवला. धाकटी मला बघून धावत आली तर आईने तिला कोपराला धरून मागे घेतलं. मी घरी येऊन भांडी घासली, घासलेलीच होती ती.

एक गोष्ट मला समजत नाही, आणि तुलाच विचारते, कारण दुसरं कोणी उरलेलं नाही. सभागृहात दोनशे माणसं होती, त्यांतली निम्मी मी शिकवलेली. दोन तास झाले. मी कोणाची, हे प्रत्येकाने विचारलं. मी म्हणते ते बरोबर की चूक, हे एकानेही विचारलं नाही.

तुझी,
अर्नेटा


क्लीव्हलँड
३ नोव्हेंबर १९९५

प्रिय नेटा,

चूक आहे.

जुलैत तू पाठवलेली वाक्यं मी वाचलीच नव्हती. काल वाचली, लाल पेन्सिल घेऊन बसले. त्यात मला एक मोठी चूक सापडली, आणि ती आजवर तुला कोणी दाखवली नाही ही त्या दोनशे माणसांची लाज.

तुझ्या परीक्षेत क्रमांक होता. आमच्याही परीक्षेत होता. तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगायला लाज वाटत होती: पर्यवेक्षकाच्या परीक्षेत मी चार वेळा पहिल्या तिघांत आले. दोनदा पहिली. क्रमांकावर, नावाशिवाय, तुझ्यासारखीच. पण नियम असा होता की पहिल्या तिघांतून साहेबाने कोणालाही निवडावं. म्हणजे क्रमांक कुठपर्यंत? पाकीट फोडेपर्यंत. मग तिघांना समोर बसवायचे आणि साहेबाला डोळे होते. चार वेळा त्याने माझ्या शेजारचा निवडला. कुठेही रकाना नव्हता, नेटा. कोणी काही लिहिलं नाही, मोजलं नाही, विचारलं नाही. तुझ्या प्रस्तावात हवा आहे तसा स्वच्छ कागद होता तो. पाचव्या वेळी कोणीतरी वरून मोजायला लावलं, तेव्हा मी दिसले.

तुझ्या गावात पहिल्या नंबराला जागा द्यायची सक्ती होती. तुला क्रमांकाने नोकरी दिली नाही, त्या सक्तीने दिली. तुझ्या दोनशे अठ्ठ्याण्णव शब्दांत त्याबद्दल एक अक्षर नाही. गणिताच्या बाईने अर्धी अट गाळून सिद्धता पुरी केली. मी तपासनीस असते तर निम्मे गुण दिले असते.

याला तुझ्याकडे उत्तर असणार. ते पत्रातून पाठवू नकोस, तू पत्रात सुंदर लिहितेस आणि मी फसते. एकवीस तारखेचं विमान घेतलं आहे, सॅक्रॅमेंटोला दुपारी उतरते. सणाची टर्की तू कर, रताळ्याचा गोड ‘पाय’ मी भाजते. आणि सात तारखेला तुला द्यायचं ते मत दे, मी येऊन ते चूक होतं हे सिद्ध करणार आहे.

पहिल्या वाक्यापासून सुरू करू.

तुझी,
लव्होनिया